हुमणीच्या मागावरची गांधील

भाद्रपद संपत आला होता. कोकणातल्या आमच्या घरामागच्या गायरीवर, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यावर, दहाच्या सुमाराला ऊन पडलं होतं. खतापासून वीतभर उंचीवर पाच-सहा सडपातळ, काळसर माश्या सारख्या घिरट्या घालत होत्या. एकही बसत नव्हती. तेवढ्यात त्यांच्याहून पुष्कळ जाड, केसाळ अशी एक आली आणि थेट खतावर उतरली. आखूड मिशा खताला टेकवत ती चार पावलं चालली, थांबली, पुन्हा दोन पावलं मागे आली आणि पुढच्या पायांनी उकरायला लागली. दोन-तीन मिनिटांत ती दिसेनाशी झाली. मागे भोकही धड उरलं नाही, कारण सैल खत आपोआप ढासळून बुजलं. अंगणातून हाक आली, "गांधील आहे ती, लांब हो!"

गांधील होती हे खरंच. पण कोणती? आणि खताच्या ढिगात तिचं काय काम? हे दोन प्रश्न मी बरीच वर्षं वेगवेगळे धरून चाललो होतो. पहिल्याचं उत्तर पुस्तकात आणि भिंगाखाली मिळेल, दुसऱ्याचं खतात, असं वाटायचं. या माश्यांबद्दल आजवर जे लिहिलं गेलंय ते वाचताना आणि गायरी, माळ, उसाचे फड पालथे घालताना लक्षात आलं की ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. ती कुठल्या मातीत शिरते आणि तिथे कुणाला शोधते हे कळल्याशिवाय या माशीची ओळख पुरी होत नाही.

या कुळाला शास्त्रात स्कोलिडी म्हणतात. जगात त्याच्या साधारण ५६० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या आहेत. मराठीत त्यांना वेगळं नाव माझ्या तरी कानावर आलेलं नाही. कुंभारीण आपल्या खिडकीच्या चौकटीत मातीचं घर बांधते, म्हणून तिला नाव मिळालं. पोळं करणारी गांधील वळचणीला लटकते, चावते, म्हणून तिलाही मिळालं. स्कोलिड काहीच बांधत नाही. मादी जमिनीत शिरते, हुमणीसारख्या भुंगेऱ्याच्या अळीला नांगी मारून बधिर करते, तिच्या पोटावर एक अंडं चिकटवते आणि बाहेर येते. पिल्लाचं घर म्हणजे ती अळीच. राखायला पोळं नसल्यामुळे ही माशी अंगावर येत नाही. मुठीत धरली तर मादी डंख मारेल, एवढंच. गायरीवर घिरट्या घालणारे सगळे नर होते आणि नराला नांगी नसतेच. नराच्या पोटाच्या टोकाला तीन काटे असतात, ते बोटाला टोचले की नांगी लागल्यासारखं वाटतं, पण त्यात विष नाही. हे सगळं मी त्या दिवशी अंगणात सांगून पाहिलं. कुणाला पटलं नाही.

ओळखीची सुरुवात पंखापासून करावी, कारण तिथे चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी. स्कोलिडच्या पंखाच्या बाहेरच्या भागात, जिथे शिरा संपतात त्याच्या पुढे, बारीक लांबट सुरकुत्या असतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. पंख उन्हात तिरपा धरला की चुणीदार मलमलीसारखा तो भाग चमकतो. आपल्या नेहमीच्या गांधीलमाश्या बसल्या की पंख उभे दुमडून अरुंद पट्टीसारखे करतात. स्कोलिड तसं करत नाही, तिचे पंख पाठीवर सपाट पडलेले असतात. कोळी पकडणाऱ्या लांबपायी गांधीलींपेक्षा ही ठेंगणी आणि दणकट असते, पायांवर राठ काटे असतात आणि छातीचा खालचा भाग सपाट पाटासारखा असून मधल्या पायांची मुळं एकमेकांपासून लांब असतात. जमीन उकरणाऱ्या प्राण्याची ही बांधणी आहे. सर्वांत जास्त गोंधळ लाकूड कोरणाऱ्या काळ्या भुंग्याशी होतो, कारण काही मोठ्या स्कोलिडचे पंखही तसेच निळे-जांभळे चमकतात. पण भुंग्याच्या मागच्या पायांवर परागांसाठी दाट केस असतात आणि त्याचं अंग गोल असतं. स्कोलिडचं पोट लांबट, प्रत्येक वलयाच्या कडेला केसांची झालर असलेलं.

कूळ ठरलं की खरी अडचण सुरू होते. नर आणि मादी एवढे वेगळे असतात की जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीच्या दोघांना दोन जाती म्हणून नावं देऊन ठेवली. मादी जाड, तिच्या मिशा आखूड, वळलेल्या आणि १२ पेरांच्या. नर सडपातळ, त्याच्या मिशा लांब, सरळ आणि १३ पेरांच्या. मादीच्या पोटाची सहा वलयं दिसतात, नराची सात. कँप्सोमेरिएला या गटात तर रंगही जुळत नाहीत: मादी काळी, वलयांच्या कडेला पांढुरक्या केसांच्या झालरी असलेली, आणि नर काळ्यावर पिवळे पट्टे असलेला. शेजारी ठेवले तर भावंडं वाटणार नाहीत. दोघांना एकमेकांच्या मिठीत पकडलं किंवा एकाच जागच्या कोशांतून दोन्ही बाहेर पडताना पाहिले, तरच खात्री पटते. अलीकडे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याची तुलना करून हा मेळ घालता येतो आणि त्यामुळे कित्येक घटस्फोट झालेल्या जोड्या पुन्हा जुळल्या आहेत.

रंगावर फार भिस्त ठेवू नये असं मी आता नवख्यांना बजावून सांगतो. पंखांच्या शिरा मात्र बोलक्या असतात. पुढच्या पंखात उलट वळलेली आडवी शीर एक आहे की दोन, हे आधी पाहायचं. दोन असतील तर माशी कँप्सोमेरिसच्या गोतावळ्यातली, एक असेल तर स्कोलियाच्या. मग पंखाच्या वरच्या कडेजवळच्या बंद खान्यांची मोजणी: खऱ्या स्कोलियात बहुधा दोन, मेगास्कोलिया या थोराड गटात बहुधा तीन. या शिरांच्या जाळीवर सोस्यूर आणि सिशेल या दोघांनी १८६४ मध्ये पूर्ण सूची रचली आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याच पायावर बांधकाम केलं. जनुकांच्या अभ्यासानं या कुळाचं नातं पोळं करणाऱ्या गांधीलींपेक्षा मुंग्या आणि मधमाश्यांशी जवळचं असल्याचं गेल्या काही वर्षांत दाखवलं आहे, त्यामुळे कुळातल्या फांद्यांची मांडणीही नव्यानं तपासली जाते आहे. पण माळावर उभ्या असलेल्या माणसाला अजूनही शिराच मोजायच्या आहेत.

रंग का फसवतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे आपल्याकडची मेगास्कोलिया अझुरिया. काळं अंग, निळ्या-जांभळ्या झळाळीचे पंख, असं वर्णन वाचलं की वाटतं, ही कुठेही ओळखू येईल. ती भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे आणि एका प्रदेशातून दुसऱ्यात गेलं की डोक्यावरचा आणि पोटावरचा केशरी-पिवळा भाग वाढतो, आटतो. अशा फरकांवरून तिच्या उपजाती पाडलेल्या आहेत. म्हणजे या माशीचा नुसता फोटो पाहून उपजात सांगता येत नाही. फोटो कुठे काढला हे आधी विचारावं लागतं. जागा इथे ओळखीच्या खुणेचंच काम करते.

आणि जुन्या नोंदींत नेमकी जागाच पुसट आहे. फॅब्रिसियसनं १७७५ मध्ये स्कोलिया ही प्रजाती मांडली आणि हिंदुस्थानातून युरोपात पोचलेल्या माश्यांना नावं दिली, तेव्हा ठिकाण म्हणून मोठ्या मुलखाचं नाव पुरेसं मानलं जायचं. चार्ल्स बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्यानं १८९७ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड लिहिला. भारतातल्या स्कोलिडची एकत्र, वापरण्याजोगी ओळख-किल्ली हाती आली ती त्यातून. या काळातला एक दुवा पुण्याचा आहे. मुंबई इलाख्यात वनखात्यात असलेले रॉबर्ट राउटन मुंग्या आणि गांधीली गोळा करत, त्यांचे पुण्याचे नमुने इंग्लंडमध्ये पीटर कॅमेरॉनपर्यंत पोचत आणि तो त्यांतून नव्या जातींची वर्णनं छापत असे. म्हणून जुन्या वर्णनांखाली 'पूना' एवढाच शब्द सापडतो. कुठली टेकडी, कुठला ओढा, महिना कुठला, काही नाही. तरीही त्या एका शब्दासाठी मी राउटन यांचा ऋणी आहे. नंतर डच अभ्यासक बेट्रेम यानं १९२८ मध्ये भारत ते ऑस्ट्रेलिया या सगळ्या पट्ट्यातल्या स्कोलिडचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि २००३ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं गुप्ता आणि जोनाथन यांचा भारतातल्या स्कोलिडवरचा स्वतंत्र खंड काढला. आज आपल्याकडे कुणी हे काम हाती घेतलं तर हा खंड उशाशी ठेवूनच घ्यावं लागतं. संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला नमुना ताडून पाहायला कोलकात्यापर्यंत जायची गरज नाही.

मात्र या सगळ्या ग्रंथांत एक कोपरा बराचसा रिकामा आहे. माशी फुलावर पकडली जाते आणि टाचणीवर लागते. ती जमिनीखाली कोणती अळी खाऊन मोठी झाली, हे लेबलावर येत नाही. जगभरातल्या फार थोड्या स्कोलिडचं भक्ष्य नक्की ठाऊक आहे.

हा कोपरा भरायला ज्यानं सर्वांत जास्त धडपड केली तो फ्रान्सचा आँरी फाब्र. एखाद्या शाळामास्तरानं आयुष्यभर जमिनीला डोळे लावून बसावं तसा तो बसला. कीटकांवरच्या त्याच्या आठवणींच्या तिसऱ्या खंडात, १८८६ मध्ये, त्यानं स्कोलियांवर सलग प्रकरणं लिहिली. त्याच्या भागात तीन जाती होत्या. एक वाळूत राहणाऱ्या अळीवर जगायची, दुसरी पालापाचोळ्याच्या कुजलेल्या ढिगातल्या फूलभुंगेऱ्याच्या अळीवर, आणि सर्वांत मोठी गेंडा भुंग्याच्या अळीवर. तीन जाती, तीन भक्ष्यं, तीन वेगळ्या जमिनी. त्यातला पाचोळ्याचा ढीग त्याच्या स्वतःच्या आवारातला होता.

फाब्रनं एक गोष्ट पाहिली ती आजही विचारात पाडते. अंड्यातून निघालेलं पिल्लू अळीच्या पोटाला एकाच जागी भोक पाडतं आणि लांब मान आत घालून खात राहतं. खाण्याचा क्रम ठरलेला: आधी चरबी आणि ज्यावाचून अळी तग धरेल ते भाग, जिवाला लागणारे भाग शेवटी. त्यामुळे बधिर झालेली अळी शेवटपर्यंत ताजी राहते. त्यानं एका पिल्लाला त्या भोकातून अलगद ओढून अळीच्या दुसऱ्याच जागी ठेवलं. पिल्लू चुकीच्या ठिकाणी खायला लागलं, अळी सडली आणि तिच्याबरोबर पिल्लूही गेलं. नांगी नेमकी कुठे बसते याचंही त्यानं स्पष्टीकरण शोधलं. बहुतेक किड्यांच्या अळ्यांत मज्जातंतूंच्या गाठी शरीरभर माळेसारख्या पसरलेल्या असतात, पण या भुंगेऱ्यांच्या अळ्यांत त्या जवळजवळ एका पुंजक्यात गोळा झालेल्या असतात. एकाच डंखात अख्खी अळी निपचित पडते ती यामुळे. अंधारात, मातीच्या दाबाखाली, दुसऱ्या डंखासाठी जागा मिळेलच असं नसताना हे किती सोयीचं आहे ते लक्षात घ्या.

आता आपल्या मातीत येऊ. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची हुमणी महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऊस किंवा भुईमूग लावणाऱ्याला दाखवायला नको. पण हुमणी हे एका जातीचं नाव नाही. कोल्हापूर-सांगलीकडे माळावरची हुमणी आणि नदीकाठची हुमणी असे दोन सरळ भेद केले जातात आणि शास्त्रही त्यांना वेगळ्याच जाती मानतं: माळावरची होलोट्रिकिया सेरेटा, नदीकाठची ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. शेणखतात आणखी वेगळी, फायलोग्नॅथस. नारळाच्या मुलखात गायरीत सापडते ती अंगठ्याएवढी गेंडा भुंग्याची अळी. शिवाय कुंड्यांच्या आणि गांडूळखताच्या ढिगांत फूलभुंगेऱ्यांच्या अळ्या असतात. त्यांना हुमणी समजून लोक उगाच चिरडतात. ओळखायला अगदी सोपी युक्ती आहे. अळी फरशीवर ठेवा. ती उताणी होऊन, पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली तर ती फूलभुंगेऱ्याची. ती कुजलेलं खाते, तिला परत ढिगात सोडा.

शेतकऱ्यानं जमीन पाहून केलेली ही विभागणी स्कोलिडच्या अभ्यासाला आयती मिळालेली चौकट आहे, आणि ती पुरेशी वापरली गेलेली नाही असं माझं मत आहे. कँप्सोमेरिएला कोलॅरिस ही माशी भारतात होलोट्रिकियाच्या अळ्यांवर वाढते हे माहीत आहे. नावातला कोलॅरिस म्हणजे गळपट्टीवाली. होलोट्रिकियाचं वर्षाचं चक्र डोळ्यांपुढे आणलं तर ही माशी कधी शोधावी ते कळतं. वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. जूनमध्ये अंडी, पुढे अळ्या, आणि श्रावणापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत पोसलेल्या, मुळं फस्त करणाऱ्या मोठ्या अळ्या. मादीला हवी असते ती पोसलेली अळी, कारण एका पिल्लाचं अख्खं बालपण तीवर निघायचं असतं. म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात माळावरच्या गवतावरून खाली-खाली उडणाऱ्या केसाळ माश्या दिसल्या, तर खाली जमिनीत काय चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो. तेव्हा त्या अन्नाला बोरीच्या फुलांवर, दिंड्यावर, घाणेरीवर, तुळशीच्या मंजिऱ्यांवर येतात. मादीला अळीतून स्वतःसाठी काही घ्यायचं नसतं, तिचं पोट मधावर भरतं. संध्याकाळी काही जातींचे नर एखाद्या काडीवर घोळक्यानं झोपी जातात. पहाटेच्या दवात अशी काडी सापडली तर फोटोही मिळतात आणि मिशांची पेरंही शांतपणे मोजता येतात.

बांधावर झुडूप नाही, फुलोरा नाही, असा सलग ऊस मैलभर पसरलेला असेल तर तिथे हुमणी भरपूर असली तरी स्कोलिडला उभं राहायला जागा नाही. आणि त्यात सरीतून जहाल कीटकनाशक सोडलेलं असेल, तर मातीत उतरलेली मादी बाहेर येणार कशी? हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी, प्रकाशसापळे, पहिल्या पावसानंतर झाडं हलवून भुंगेरे गोळा करणं, हे मार्ग मला जास्त विश्वासाचे वाटतात, कारण ते मातीवर विष ओतत नाहीत. स्कोलिडनं एकटीनं उसाचा फड वाचवावा ही अपेक्षा मात्र मी करत नाही.

कारण तशी अपेक्षा जगात काही ठिकाणी केली गेली आणि तिचे निकाल आपल्यापुढे आहेत. या माश्या कुठे राहतात, या प्रश्नावर त्याहून चांगले प्रयोग कुणी मुद्दाम केले नसते. हवाई बेटांत उसाच्या मुळांना अनोमाला भुंगेऱ्याच्या अळीनं ग्रासलं, तेव्हा तिथल्या ऊसमळेवाल्यांच्या संघटनेचा कीटकतज्ज्ञ फ्रेडरिक म्यूर फिलिपिन्सला गेला आणि तिथून स्कोलिया मनिली ही माशी १९१६ च्या सुमारास हवाईत आणली गेली. ती तिथे टिकली, वाढली आणि काही वर्षांतच त्या अळीचा जोर ओसरला. जवळजवळ त्याच वेळी, १९१७ मध्ये, मादागास्करची स्कोलिया ओरिक्टोफॅगा मॉरिशसला नेली गेली. मॉरिशसच्या ऊसमळ्यांत मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांच्या पिढ्या राबल्या आहेत आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी सण पाळतात. ज्या उसाची मुळं कुरतडली जात होती त्यात त्यांचे कष्ट होते. तिथला शत्रू ओरिक्टेस टॅरँडस हा गेंडा भुंगाही मादागास्करहूनच आलेला, म्हणजे माशी आणि भक्ष्य एकाच मुलखातले. तिथेही यश आलं. माशीच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'ओरिक्टेस खाणारी' असा आहे.

तिसरा प्रयोग मात्र नीट वाचावा असा आहे. सामोआत नारळ पोखरणाऱ्या गेंडा भुंग्यासाठी, म्हणजे आपल्या कोकणातल्याच भुंग्यासाठी, १९४५ मध्ये झांझिबारहून स्कोलिया रुफिकॉर्निस आणली. माशी तगली. भक्ष्यही तिला चाललं. पण भुंगे फारसे हटले नाहीत. ही माशी सैल ठिकाणी शोधते: खताचा ढीग, भुसा, कुजका पाला. गेंडा भुंग्याच्या पुष्कळ अळ्या वाढतात त्या मेलेल्या माडांच्या उभ्या खोडांत, आणि तिथे ती शिरत नाही. पुढे सामोआत खरा फरक पडला तो मलेशियात सापडलेल्या एका विषाणूनं, १९६७ नंतर. मला ही गोष्ट या कुळाबद्दलच्या सगळ्या वाचनातली सर्वांत महत्त्वाची वाटते. एकच अळी गायरीत असली तर माशीला सापडते, पाच हातांवरच्या खोडात असली तर नाही. मग नकाशावर 'सामोआत आढळते' असा ठिपका देऊन आपण काय सांगितलं? कोकणातल्या बागायतदारानं यातून घ्यायचं ते सरळ आहे: मेलेले माड उभे ठेवू नयेत. आणि सोंड्या भुंग्याला या माश्यांचा काही उपयोग नाही. तो वेगळ्या कुळातला आहे, त्याची अळी खोडाच्या गाभ्यात असते आणि स्कोलिड तिच्या वाटेला जात नाही.

बाकीच्या जगाचा आढावा थोडक्यात घेतो. भूमध्य समुद्राभोवतीची मेगास्कोलिया मॅक्युलाटा युरोपातल्या सर्वांत मोठ्या गांधीलींपैकी आहे. मादीचं डोकं पिवळं, नराचं काळं, पोटावर पिवळे मोठे ठिपके. पश्चिमेकडची, पूर्वेकडची आणि सायप्रसकडची अशा तिच्या उपजाती सांगितल्या जातात. जावा-सुमात्रात मेगास्कोलिया प्रोसर आहे, पंख पसरले की ११ सेंटीमीटरच्या आसपास, आणि ती अ‍ॅटलस भुंग्याच्या राक्षसी अळ्यांवर पोसते. एवढ्या मोठ्या माशीला एवढीच मोठी अळी हवी, म्हणून ती जिथे तो भुंगा तिथेच. उत्तर अमेरिकेत स्कोलिया ड्युबिया उन्हाळ्याच्या अखेरीस हिरवळींवर आठाच्या आकड्यात उडते. तिच्या काळ्या-तांबूस पोटावर दोन पिवळे ठिपके असतात आणि ती हिरव्या जून-भुंगेऱ्याच्या आणि जपानी भुंगेऱ्याच्या अळ्या शोधते.

एका जागी मात्र थांबावंसं वाटतं. अल्जीरियात न्यायाधीश असलेला पूयान नावाचा फ्रेंच गृहस्थ फावल्या वेळात ऑर्किडं न्याहाळायचा. ऑफ्रिस स्पेक्युलम या ऑर्किडच्या फुलात मध नसतो. मधोमध आरशासारखा निळा चकाकता भाग आणि कडेला तांबूस केस. त्यानं पाहिलं की एका स्कोलिडचे नर, फक्त नर, या फुलांवर झेपावतात आणि मादीशी वागावं तसं फुलाशी वागतात. १९१६ मध्ये हे छापून आलं तेव्हा लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. फुलाचा निळा आरसा म्हणजे बसलेल्या मादीच्या पंखांची झळाळी, केस म्हणजे तिची झालर, आणि वास तर हुबेहूब तिचा. नर मादीच्या काही दिवस आधी जमिनीबाहेर येतात, फूल तेवढ्याच दिवसांत फुलतं, आणि बिचारे नर एका फुलाचा पराग दुसऱ्याला नेऊन घालतात. ही माशी म्हणजे डासिस्कोलिया सिलिएटा. ज्या कुरणात हे ऑर्किड वर्षानुवर्षं बी धरतं, तिथे जमिनीखाली तिचे कोश आहेत हे न खणताच कळतं. आपल्याकडे अशी फुलं असती तर माझं काम किती हलकं झालं असतं, असं वाटून जातं.

मग आपल्याकडे ओळख पुरी करायचा मार्ग कोणता? फोटो काढणारे आता गावोगावी आहेत आणि त्यांच्या नोंदींनी माश्यांच्या जागा आणि महिने भराभर भरत चालले आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं असतं की पाठीवरच्या फोटोबरोबर एक फोटो पंखाचा काढा, शिरा दिसतील असा, एक मिशांचा, आणि एक खालच्या जमिनीचा. गवत होतं का, रेती होती का, खत होतं का? पण भक्ष्य कळायचं असेल तर कोश सापडावा लागतो.

मला तो कार्तिकात सापडला. गायरी भातखाचरासाठी उपसताना फावड्याबरोबर एक तपकिरी, कागदासारख्या आवरणाची, बोटाच्या दोन पेरांएवढी लांबट गुंडाळी वर आली. खालच्या बाजूला अळीची रिकामी कातडी सुरकुतून चिकटली होती आणि तिला अजून डोकं होतं. अळ्यांचं डोकं कडक असतं, त्यामुळे स्कोलिडचं पिल्लू सगळं संपवलं तरी तेवढं मागे ठेवतं. भिंगाखाली ते गर्द, जवळजवळ काळं, पृष्ठभागावर खड्डे असलेलं दिसलं. त्याच गायरीतून काढलेल्या गेंडा भुंग्याच्या अळीचं डोकं शेजारी ठेवलं, ते तंतोतंत जुळलं. कोश मी मातीच्या लोटक्यात ओलसर खतात ठेवला, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि माजघराच्या कोपऱ्यात सरकवला. पौष गेला, शिमगा गेला. दर आठवड्याला चमचाभर पाणी घालत होतो. आतला जीव आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मृगाच्या सरी सुरू झाल्यावर एका सकाळी जाळीखाली खुडबुड ऐकू आली. कोशाच्या टोकाची टोपी सुबक गोल कापलेली होती आणि आतला प्राणी जाळीला लटकून पंख वाळवत होता. मिशा लांब, सरळ. मोजल्या: तेरा पेरं. नर. पंखाच्या टोकाला सुरकुत्या. उलट शीर एकच. वरच्या कडेजवळचे खाने मोजताना तो हलत होता, तीनदा पुन्हा मोजावे लागले.

लेबलाचा कागद मी आधीच कापून ठेवला होता. त्यावर गावाचं नाव लिहिलं, तालुका, तारीख, आणि त्याखाली: शेणखताचा खड्डा, वीतभर खोल, गेंडा भुंग्याच्या अळीवर. अळीचं डोकं एका टिकलीएवढ्या पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून त्या लेबलाशेजारी ठेवलं. ढगांमधून ऊन आलं तसा लोटक्यातला नर जाळीवर धडका द्यायला लागला. बाहेर गायरीवर त्याच्यासारखेच तीन-चार घिरट्या घालायला लागले होते.